पाहुणे म्हणून जाताना : पणजीचा मळा आणि फोंताईन्हस



आपल्या शाळेतील बहुतेक मुले पेडणे व डिचोली तालुक्यांतली आहेत. आपल्यासाठी पणजी म्हणजे काय? कदंब बसस्थानक, सरकारी कार्यालय, १८ जून रस्त्यावरची खरेदी, मिरामारचा किनारा आणि संध्याकाळची परतीची बस. घरापासून तीसेक किलोमीटरवर असलेल्या या शहरात माणसे राहतात कशी, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे. म्हणून या अंकातील पाठ एका वाड्याविषयी आहे. हिंदीत ज्याला मोहल्ला म्हणतात, तोच आपला वाडा.

बसस्थानकावरून पाट्टोच्या बाजूने ओरेमची खाडी ओलांडली की समोर आल्तिनो टेकडी दिसते. टेकडीच्या पलीकडे चर्च चौक आणि मुख्य बाजार. अलीकडे, टेकडी आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सां तोमे, फोंताईन्हस आणि मळा हे जुने वाडे एकामागून एक वसले आहेत.

एका जागेची दोन नावे

पोर्तुगीज भाषेत फोंताईन्हस म्हणजे लहान लहान झरे. मराठी-कोकणीत मळा म्हणजे पाणी देऊन पिकवलेली जमीन. दोन भाषांनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली आहे : येथे पाणी होते. आल्तिनो टेकडी जांभ्या दगडाची आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते, खाली चिकणमातीचा थर लागला की अडते आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर पडते. मळ्यातील फेनिक्स झर असाच आहे. तुमच्या गावातील डोंगराखालची झर आठवून पाहा, शास्त्र तेच आहे.

अठराव्या शतकापर्यंत येथे मुख्यतः माडांची बागायत होती. मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिकेर नावाच्या गोमंतकीयाने ही जमीन विकसित केली. लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. पुढे जुने गोवे साथीच्या रोगांनी ओस पडत गेले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला हलवले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. कारकून, व्यापारी, कारागीर येथे राहायला आले आणि बागेची वस्ती झाली.

भिंती काय सांगतात

येथील घरे चिऱ्याची, वर चुन्याचा गिलावा आणि कौलारू छप्पर. जोत्याची उंची पाहा. जमीन सखल आहे. जोराचा पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली की टेकडीवरून उतरणारे पाणी खाडीत जाऊ शकत नाही आणि मळ्यात साचते. काही जुन्या खिडक्यांना काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले बसवलेले दिसतील. काच महाग होती, शिंपले आपल्या नद्यांत मिळत. पोर्तुगीज अमदानीत दरवर्षी पावसाळ्यानंतर घर रंगवावे लागे आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवला जाई, असे सांगतात. म्हणून घरे पिवळी, निळी, तांबडी आहेत.

येथे एक चूक दुरुस्त करू. फोंताईन्हस हे युनेस्कोचे जागतिक वारसास्थळ आहे, असे पुष्कळ लोक सांगतात आणि आपल्या मुलांच्या प्रकल्पवह्यांतही ते आढळते. ते खरे नाही. १९८६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली ती जुने गोवे येथील चर्च आणि मठ.

टेकडीवरचा मारुती, गल्लीतला क्रूस

पेडणे-डिचोलीच्या मुलांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. पणजी ज्या तिसवाडीत आहे, ती पोर्तुगिजांनी १५१० मध्ये घेतली आणि १५४० नंतर तेथील देवळे पाडली गेली. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या ताब्यात गेले. तोपर्यंत राज्यकर्त्यांचे धोरण बदलले होते, म्हणून आपल्याकडे देवळे जागच्या जागी राहिली. तुमच्या गावाच्या मधोमध देऊळ आहे आणि पणजीच्या मधोमध चर्च आहे, यामागे हा अडीचशे-पावणेतीनशे वर्षांचा फरक आहे. पणजीत महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले ते १८१८ च्या सुमारास.

फोंताईन्हसमधील सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात एक मोठा क्रूस आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीला आणला गेला आणि नंतर या कपेलात आला. त्यावरील येशूची मान झुकलेली नाही आणि डोळे उघडे आहेत. तेथून थोड्या अंतरावर मळ्याच्या टेकडीवर मारुतीचे देऊळ आहे, त्याची जत्रा हिवाळ्यात भरते. ज्या काळात एकाच्या श्रद्धेपायी दुसऱ्याला भीती वाटे, त्या काळातील क्रूस आणि आजच्या जत्रेचे दिवे आता एकाच वाड्यात शेजारी आहेत. हे आपोआप झाले नाही. येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सणाला, मयताला आणि लग्नाला गेले, म्हणून झाले.

माझी चूक

गेल्या वर्षी मी आठवीच्या मुलांना तेथे घेऊन गेलो होतो. निघण्यापूर्वी मी त्यांना एवढेच सांगितले होते की, ‘आपण रंगीत घरे पाहायला जात आहोत.’ मुलांनी तेच केले. एका निळ्या घराच्या बाल्कांवात सात-आठ जण चढून बसले, कोणी दाराच्या कडीला हात लावून उभा राहिला, मोबाईल निघाले, हसणे-ओरडणे सुरू झाले. दार उघडले. आत एक वृद्ध बाई उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या घरा आमी अशीं येवन बसल्यार तुमकां चलतलें?”

मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या मागे, आतल्या खोलीत, खाटेवर कोणी आजारी माणूस झोपलेले दिसत होते. मुलांनी माफी मागितली, मीही मागितली. बाई “आसूं दी” म्हणाल्या आणि त्यांनी दार हळूच लावून घेतले. पुढे गल्लीत ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या दिसल्या. येतानाही त्या होत्याच, पण आम्ही वाचल्या नव्हत्या.

दोष मुलांचा नव्हता. ज्या शिक्षकाने घरांना ‘रंगीत’ म्हटले आणि त्यांत माणसे राहतात हे सांगितले नाही, त्याचा होता. त्या बाईंच्या प्रश्नातून हा पाठ तयार झाला आहे.

बंद दारे

या वाड्यात काही घरांना कुलपे दिसतात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात मुलगा आणि मुलगी दोघांनाही वारसाहक्क समान आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तीन-चार पिढ्यांनंतर एका घराला वीस-पंचवीस वारस होतात. कोणी मुंबईत, कोणी लिस्बनमध्ये, कोणी आखातात. छप्पर दुरुस्त करायचे तर सर्वांची संमती हवी आणि खर्च कोणी करायचा हा प्रश्न. म्हणून काही घरे गळत राहतात, काही विकली जातात, काहींची अतिथिगृहे होतात. अतिथिगृहामुळे घर वाचते, हे खरे. पण गल्लीतील सर्वच घरांत पाहुणे राहू लागले तर शेजारी कोण उरणार, हा प्रश्नही खरा आहे. पालकहो, आपल्या गावातील जुन्या घरांची गोष्ट यापेक्षा फार वेगळी आहे का? पेडण्याच्या किनारी गावांत हे आज डोळ्यांसमोर घडत आहे.

एक रात्र कशासाठी?

या वर्षी मुलांना तेथे एक रात्र मुक्कामाला न्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. काही पालकांनी विचारले, “तासाभराच्या अंतरावर घर असताना मुक्काम कशाला?” प्रश्न योग्य आहे. मांडवीवरचा पहिला पूल १९७० मध्ये झाला. त्याआधी आपले आजोबा बेतीहून बोटीने पणजीला येत, आणि काम लांबले, शेवटची बोट चुकली की कोणाच्या तरी ओसरीवर रात्र काढत. १९८६ च्या जुलैत तो पूल कोसळल्यावर पुन्हा फेरीबोटीच्या रांगा लागल्या. त्या काळी पणजीत ओळखीचे घर असणे ही गरज होती. आता पूल आहेत, गाड्या आहेत, म्हणून आपण दुपारी जातो आणि संध्याकाळी परततो. ओळख मात्र होत नाही.

दिवसा आलेल्याला भिंती दिसतात. पहाटे पोदेराच्या सायकलचा पोंपों, कपेलाची घंटा, टेकडीवरची आरती, नळाला पाणी आले म्हणून एकमेकींना दिलेली हाक, हे सर्व फक्त राहिलेल्याला ऐकू येते. काही पालकांना जेवणाची चिंता आहे. शाकाहारी जेवणाची सोय आधीच सांगून होते. मुले अतिथिगृहात शिक्षकांसोबत राहतील, कोणाच्या घरी नाही. विश्वस्त मंडळाला विनंती की येत्या बैठकीत यावर निर्णय द्यावा. नकार दिला तरी मंडळाने कारण मुलांना सांगावे, कारण त्यांनी विचारलेला प्रश्न आहे.

जाण्यापूर्वी लक्षात ठेवा

१. सहा-सहाच्या गटाने चालावे. गल्ली अरुंद आहे, स्कूटरला वाट द्यावी.
२. बाल्कांव आणि पायऱ्या हा घराचाच भाग आहे. बोलावल्याशिवाय चढू नये.
३. माणसाचा, दाराचा, खिडकीचा फोटो विचारून काढावा. ‘नाही’ म्हटले तर आभार मानावेत.
४. कपेलात व देवळात सारख्याच शांतपणे बसावे.
५. दुपारी दोन ते चार ही विश्रांतीची वेळ. त्या वेळी वाड्यात फिरू नये.
६. पाव, केळी, पाणी तेथल्याच दुकानातून घ्यावे आणि दुकानदाराशी दोन शब्द बोलावेत.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील एका झरीचे पाणी कोठून येते ते वडीलधाऱ्यांना विचारून आकृती काढा.
२. तुमच्या घराचे वारस किती आणि ते कोठे राहतात? घरच्यांना चालत असेल तरच लिहा.
३. पूल होण्यापूर्वी पणजीला गेलेल्या एका व्यक्तीची मुलाखत घ्या.
४. त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर एका पत्रात, कोकणीत किंवा मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहा.

चौथ्या प्रश्नाची पत्रे मी वाचेन, पण गुण देणार नाही. त्यांतील जी पत्रे मुलांना पाठवावीशी वाटतील, ती घेऊन मी स्वतः त्या निळ्या घरी जाईन आणि पायरीखाली उभा राहून आधी हाक मारीन.

– मुख्याध्यापक