वेदनाशामक गोळी : उपयोग व मर्यादा

गुडघा दुखू लागला की शेजारून गोळी मागून आणण्याची चाल घरोघरी आढळते. आयबुप्रोफेन ही अशीच एक परिचित गोळी. ती गुण कशाने देते हे समजले म्हणजे तिचा धोकाही समजतो.

इजा झालेल्या जागी शरीरात प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्ये तयार होतात. त्यांमुळे सूज व ठणका वाढतो. या जातीची औषधे ती निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात.

म्हणून गोळी जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत व थोडेच दिवस घ्यावी. जोडीला डिक्लोफिनॅकसारखी दुसरी गोळी घेऊ नये. जठरव्रण, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊच नये. डेंग्यूचा संशय असता रक्तस्रावाच्या भयास्तव ती वर्ज्य समजावी. शौचास डांबरासारखे काळे झाल्यास गोळी बंद करून तत्काळ दवाखाना गाठावा.

ठणका थांबला म्हणजे रोग गेला असे नव्हे. आणि शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्याची प्रकृती पाहून दिलेली असते, आपली नव्हे.