वेळ थोडा, गेम मोठा : नोकरी करणाऱ्या खेळाडूचं टाचण



या ब्लॉगवर आपण नेहमी भागाकार, जोडाक्षरं, परिसर अभ्यास असे विषय घेतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. मी व्हिडिओ गेम खेळतो. प्राथमिक शिक्षक आहे, वय छत्तीस, घरी पहिलीतली मुलगी आहे, आणि तरीही खेळतो. केंद्रातल्या शिक्षण परिषदेत हे एकदा बोलून गेलो, तर रात्री अकरापर्यंत आयपीएल बघणारे सहकारीसुद्धा "सर, तुम्ही अजून लहानच आहात" म्हणून हसले. हसू देत. माझ्यासारखे बरेच जण आहेत हे मला माहीत आहे, कारण त्यातले तिघे माझ्याच डी.एड.च्या बॅचचे आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी आहे. ज्यांच्या घरी मूल मोबाइल घेऊन बसतं, त्या पालकांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

आधी हिशोब करू

तुम्ही तुमचा करा, मी माझा सांगतो. शाळा साडेदहा ते पाच. जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर मोटरसायकल. घरी टेकेपर्यंत सहा वाजतात. मग मुलीचा अभ्यास, बाजार, जेवण, पोषण आहाराची राहिलेली नोंद. मुलगी पावणेदहाला झोपते आणि माझे डोळे अकरापर्यंत उघडे राहतात. म्हणजे रोज सव्वा तास. पाच दिवसांचे सव्वासहा तास झाले. यातून एक रात्र यू-डायसची माहिती भरण्यात जाते, एक रात्र वह्या तपासण्यात, आणि बायकोशी दोन शब्द बोलायचे असतात ते वेगळेच. हातात राहतात आठवड्याला चार तास.

आता 'द विचर ३' घ्या. २०१५ साली आलेला पोलंडचा हा गेम. त्याची नुसती मुख्य कथा संपवायची तर साधारण पन्नास तास लागतात. ५० ÷ ४ = साडेबारा आठवडे. शाळा उघडताना सुरू केला तर गणपतीपर्यंत पुरतो. वाटेत भेटणारी छोटी-मोठी कामं करत गेलात तर पुढची परीक्षा येते. डी.एड.ला असताना हॉस्टेलवर एका मित्राच्या कॉम्प्युटरवर आम्ही 'व्हाइस सिटी' खेळायचो, तेव्हा पन्नास तास म्हणजे काहीच नव्हते. एका दिवाळीच्या सुट्टीत बसायचे.

हा हिशोब केल्यावर मला वाटलं, आपली अडचण वेळ कमी असण्याची आहे. ते अर्धंच खरं होतं. दुसरं अर्धं मला मागच्या हिवाळ्यात कळलं.

एका बुधवारची गोष्ट

सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून बायको माहेरी गेली होती. मुलगी माझ्याजवळ होती. ती झोपली असं बघून मी एका कानात हेडफोन घालून मॅचला बसलो. शंभर जण मैदानात उतरतात आणि शेवटी एकच टोळी उरते, तो प्रकार. आमची चौघांची टोळी आहे, चौघे चार तालुक्यांत नोकरीला. दहा-बारा जण उरले असतील तेव्हा आतून आवाज आला, "बाबा, पाणी." मी म्हटलं, "आलो गं, एक मिनिट." थोड्या वेळाने पुन्हा आवाज. पुन्हा माझं एक मिनिट. त्या खेळाला मध्येच थांबवायचं बटण नसतं, आणि मी उठलो असतो तर बाकीचे तिघे माझ्यामुळे हरले असते. मग आवाज यायचा बंद झाला. मला वाटलं, झोपली.

मॅच आम्ही जिंकलो. उठून पाहिलं तर स्वयंपाकघरात स्टूल ओट्याला लावलेलं, फरशीभर पाणी, आणि मुलगी भर थंडीत ओल्या फ्रॉकनिशी अंथरुणात. पडली नव्हती. पण त्या स्टुलाचा एक पाय हलतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

सकाळी तिने विचारलं, "बाबा, तुम्ही जिंकलात का?" त्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी तो गेम फोनमधून काढून टाकला आणि नऊ दिवसांनी परत टाकला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लपवून काय उपयोग? त्या नऊ दिवसांत एक गोष्ट मात्र डोक्यात आली. माझ्याकडे त्या रात्री वेळ होता, सव्वा तास पूर्ण होता. फक्त तो अखंड नव्हता. घरात लहान मूल असलं की मोठ्या माणसाचा वेळ कधीही तुटू शकतो, आणि मी मात्र न तुटणारा खेळ घेऊन बसलो होतो.

गेमची तासिका

आपण वेळापत्रक करताना तासिका मोजतो. कुठला विषय किती मिनिटांत मावतो ते बघतो. गेमलाही अशी तासिका असते, आणि ती खोक्यावर लिहिलेली नसते. नवीन गेम हातात घेतला की मी आता बघतो : हा कुठे थांबतो? थांबायचं कोण ठरवतं, मी की गेम? आणि मध्येच उठलो तर काय जातं, कोणाचं जातं?

बुद्धिबळाचा दहा-दहा मिनिटांचा ऑनलाइन डाव घ्या. काहीही झालं तरी वीस मिनिटांच्या वर जात नाही, कारण दोन्ही घड्याळं संपतात. 'क्लॅश रोयाल'ची लढाई मुळात तीन मिनिटांची, बरोबरी झाली तर थोडी जास्त. भात शिजेपर्यंत होते. याउलट 'बीजीएमआय'मधली मोठ्या नकाशावरची मॅच शेवटपर्यंत टिकलात तर अर्ध्या तासाची, पण उतरल्या उतरल्या मेलात तर तीन मिनिटांची. म्हणून ती फसवते. तीन मिनिटांत मेलेला माणूस म्हणतो, ही काय मॅच झाली, अजून एक. नेमकी ती अजून एक अर्धा तास चालते.

'स्टार्ड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम तर मला फार आवडतो. एरिक बॅरोन या एकाच माणसाने तो बनवला आणि २०१६ साली आणला. त्यातला एक दिवस आपल्या सुमारे चौदा मिनिटांचा असतो. पण कॉम्प्युटरवर किंवा प्लेस्टेशनवर तो सेव्ह होतो फक्त आपला शेतकरी रात्री झोपल्यावर. दुपारी बंद केलात तर सकाळपासून घातलेलं पाणी, काढलेलं पीक, सगळं गेलं. म्हणजे याची तासिका चौदा मिनिटांची. चौदा मिनिटं नक्की मिळणार असतील तरच बसायचं. 'विचर' एवढा अजस्र, पण लढाई चालू नसेल तर जवळपास कुठेही सेव्ह करता येतो. शिवाय परत सुरू करताना तो आतापर्यंतची कथा थोडक्यात सांगतो. पन्नास तासांचा गेम तुटक वेळेला चालतो आणि अर्ध्या तासाची मॅच चालत नाही. मला हे उलटं वाटलं होतं.

जुन्या प्लेस्टेशनला एक रेस्ट मोड आहे. त्यात गेम आहे तिथेच गोठवून ठेवता येतो, सेव्हची वाट बघावी लागत नाही. माझ्याकडे भावाने वापरून दिलेलं पीएस ४ आहे, म्हणून मी खूश होतो. पण आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते, आणि वीज गेली की गोठवलेलं सगळं वितळतं. तेव्हा रेस्ट मोडवर भरवसा ठेवण्याआधी घरात इन्व्हर्टर आहे का ते बघा. लहानपणी कॅसेटवर मारिओ खेळताना लाइट गेली की पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. तीस वर्षांत गेम कुठल्या कुठे गेले, आमची लाइट तिथेच आहे.

हजेरी

एक प्रकार मात्र मी पूर्ण बंद केला आहे. रोज गेम उघडला की बक्षीस, सलग सात दिवस उघडला की मोठं बक्षीस, एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी रोज सकाळी वर्गाची हजेरी घेतो आणि रात्री हे माझी हजेरी घेणार! 'कँडी क्रश'चा प्रकार थोडा वेगळा आहे. त्यात पाच लाइफ असतात, संपल्या की दर अर्ध्या तासाला एक परत मिळते. वरवर पाहता गेम आपल्याला उठवून लावतो. पण अर्ध्या तासाने आपणच फोन हातात घेऊन बघतो की आली का. एकूण वेळ फार जात नसेलही, दिवसभर लक्ष मात्र तिकडे अडकून पडतं.

तुमच्यापैकी ज्यांनी डी.एड. केलं आहे, त्यांना स्किनर आठवत असेल. साधक अभिसंधान, पेटीतले उंदीर, कबुतरं. पेपरात आपण लिहिलं होतं की प्रबलन प्रत्येक वेळी न देता अनिश्चितपणे दिलं, तर प्राणी तीच क्रिया जास्त चिकाटीने करत राहतो. मी ते उत्तर पाठ करून गेलो होतो. त्याचा अर्थ मला पंधरा वर्षांनी, रात्री पावणेबारा वाजता बक्षिसाची पेटी उघडताना कळला. (पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम हा वेगळाच विषय आहे. त्यांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे, म्हणून इथे घेत नाही.)

तासांची मर्यादा घालून हे सुटतं का? 'बीजीएमआय' २०२३ मध्ये परत सुरू झाला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा होती. सहा तास! मला आठवड्यात तेवढे मिळत नाहीत. त्या बुधवारी मी एक तासही खेळलो नव्हतो.

मग मी काय केलं

टोळीचा गेम सोडायचा नव्हता. त्या तिघांशी माझं बोलणं होतं ते तिथेच. बदल्या, भावांच्या वाटण्या, एकाच्या वडिलांचं आजारपण, हे सगळं आम्ही गाडीतून जाता-जाता, गोळ्या चुकवत बोललो आहोत. फोन करून कोणी एवढं बोलत नाही, निदान पुरुष तरी नाही. म्हणून बायकोसमोर बसून सरळ विचारलं. तिने विचारलं, "मला काय मिळणार?" रास्त प्रश्न होता. ठरलं ते असं : शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी झोप होते, म्हणून शनिवारी रात्री साडेनऊ ते अकरा माझे. त्या वेळात मुलगी तिची. रविवारी सकाळी सात ते दहा तिचे. चहा, नाश्ता, मुलगी, दूधवाला, सगळं माझ्याकडे. ती मैत्रिणीबरोबर फिरायला जाते किंवा दार लावून झोपते, मी विचारत नाही.

दोन मॅच, फार तर तीन. संख्या आधी ठरवतो, कारण हरल्यावर ठरवली की ती वाढते.

यात एक नुकसान झालं. आमच्यातल्या एकाला शनिवार जमत नाही. पूर्वी आठवड्यातून तीन-चार रात्री त्याच्याशी बोलणं व्हायचं, आता महिन्यातून एखादा फोन. तो काही म्हणाला नाही, पण त्याच्या जागी दुसरा घेतला तेव्हा ग्रुपवर त्याने नुसता अंगठा पाठवला. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. तुम्हाला सुचला तर जरूर कळवा.

बाकीच्या रात्री थांबवता येणारे गेम, आणि तेही एका वेळी एकच. पूर्वी सेलमध्ये स्वस्त दिसला की घ्यायचो. अकरा गेम न उघडता पडले होते. त्यांच्याकडे बघितलं की न तपासलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखं वाटायचं. मग लक्षात आलं की वह्या तपासायला मी बांधील आहे, गेम संपवायला नाही. चार बैठकांत गोडी लागली नाही तर आता सरळ काढून टाकतो. पैसे गेलेच आहेत, त्यामागे रात्री कशाला घालवू?

तुटक खेळण्यात आणखी एक त्रास असतो. आठ दिवसांनी गेम उघडला की आपण कुठे होतो, काय करायचं होतं, कुठलं बटण दाबलं की तलवार निघते, काही आठवत नाही. पहिली वीस मिनिटं त्यातच जातात. यावर आपल्याच कामातली एक सवय उपयोगी पडली. उद्याच्या पाठाचं टाचण काढतो तसं गेम बंद करताना एका जुन्या वहीत दोन ओळी लिहितो. कुठे आहे, पुढे काय, कोणती बटणं. लिहायला एक मिनिट लागतं. साहेबांच्या भेटीत तपासली जाणार नाही अशी माझी ही एकमेव टाचण वही.

पालकांसाठी थोडं

मूल खेळत असताना आपण म्हणतो, "दहा मिनिटांत बंद कर." दहा मिनिटांनी ते मॅचच्या मध्यावर असतं, आपण फोन ओढून घेतो, ते रडतं, आणि दोघांनाही वाटतं की आपल्यावर अन्याय झाला. खेळ सुरू होण्याआधी विचारून बघा, "ही मॅच केवढी असते?" मुलं अचूक सांगतात. मग "एक मॅच" किंवा "दोन डाव" असं ठरवा. माझ्या वर्गातल्या दोन पालकांनी हे करून पाहिलं. एकाकडे भांडण कमी झालं. दुसऱ्याच्या मुलाने मुद्दाम सगळ्यात लांबलचक गेम शोधून काढला. हुशार आहे, गणितातही असाच आहे.

माझी मुलगी आता रविवारी नाश्त्यानंतर माझ्या मांडीवर बसून 'स्टार्ड्यू'मधला एक दिवस खेळते. पहिलं पीक पार्सनिपचं असतं, ती त्याला पांढरं गाजर म्हणते. पाणी घालते, कुत्र्यामागे धावते, आणि अंधार पडायला लागला की शेतकऱ्याला ओढत घरी नेऊन झोपवते. मग वहीत तिच्या अक्षरात एक ओळ पडते. काल परवाची ओळ अशी आहे : "गाजर उगवल नाही. उद्या पानी."