टेम्पोची बॅटरी : थोडी निगा, मोठी बचत

पहाटे माल भरलेला टेम्पो सुरूच झाला नाही, तर बाजारही जातो आणि गिऱ्हाईकही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे टिकते. कडक उन्हाच्या भागात त्याहून कमी. उष्णतेने पाणी उडते, प्लेटा झिजतात. म्हणून आम्ही सुचवतो : झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर दरमहा पाणी पाहा. प्लेटा उघड्या पडू देऊ नका. डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचे पाणी नव्हे. टर्मिनलवरची भुकटी साफ करून व्हॅसलीन लावा. उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली उतरली तर चार्ज करून घ्या. नाहीतर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. नवी घेण्याआधी आल्टरनेटर तपासा. इंजिन चालू असता सुमारे १४ व्होल्ट हवेत. दोष तिथे असेल तर नव्या बॅटरीचे पैसेही पाण्यात जातील.