सार्वजनिक ग्रंथालये : डिजिटल वाचन आणि रोजगाराचा शोध

महाराष्ट्रातील ग्रंथालय चळवळीला जवळजवळ दोन शतकांची परंपरा आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली सुरू झाले. त्यानंतर १८४० साली नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, १८९३ साली ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १८९८ साली मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय अशा संस्था लोकांनी वर्गणी जमवून उभ्या केल्या. या लोकप्रयत्नाला शासनाचा नियमित आधार मिळावा या हेतूने १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत करण्यात आला आणि १ मे १९६८ पासून तो अमलात आला. ग्रंथालये स्थानिक संस्थांनी चालवावीत, शासनाने त्यांना मान्यता, अनुदान व मार्गदर्शन द्यावे, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय. अ, ब, क आणि ड अशा वर्गांत विभागलेल्या शासनमान्य ग्रंथालयांची संख्या आज अकरा हजारांच्या वर असून त्यांचा फार मोठा भाग ग्रामीण महाराष्ट्रात आहे.

बदललेला वाचक

कथा-कादंबऱ्या घरी नेणारा सभासद आणि वर्तमानपत्र चाळण्यासाठी येणारा ज्येष्ठ नागरिक, हे या ग्रंथालयांचे पूर्वापार वाचक. त्यांच्या जोडीला आता अभ्यासिकेत दिवसचे दिवस बसणारा तरुण आला आहे. त्याच्यासमोर पुस्तके असतात. परंतु ती बहुधा त्याने स्वतः विकत आणलेली मार्गदर्शके असतात. ग्रंथालयाकडून तो खुर्ची, दिवा आणि शांतता एवढेच घेतो. शेजारच्या कपाटातील ग्रंथांशी, तसेच ग्रंथपालाशी त्याचा फारसा संबंध येत नाही.

या तरुणापुढील प्रश्न किती मोठा आहे, हे २०२३ सालच्या तलाठी भरतीवरून ध्यानात येईल. साडेचार हजारांच्या आसपास असलेल्या या पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. अर्थात दोनशे अर्जदारांमागे एकाचीही निवड होणे शक्य नव्हते. निवड न झालेल्यांची उमेदीची वर्षे वाया जाऊ नयेत, त्यांच्यासमोर दुसऱ्या वाटाही उघड्या राहाव्यात, ही समाजाची जबाबदारी आहे. ग्रंथालय येथे उपयोगी पडू शकते. डिजिटल वाचनाची आणि रोजगाराच्या माहितीची साधने आज मोठ्या प्रमाणावर विनामूल्य उपलब्ध आहेत. उणीव आहे ती ही साधने गरजूंपर्यंत नेऊन पोहोचविणाऱ्या माहीतगार माणसाची.

विनामूल्य वाचनाचे भांडार

प्रथम वाचनसाहित्याचा विचार करू. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे वीस खंड आता संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. बालभारतीची शालेय पाठ्यपुस्तकेही अशीच उतरवून घेता येतात. स्पर्धा परीक्षांतील इतिहास, भूगोल आणि विज्ञान या विषयांचा पाया शालेय पाठ्यपुस्तकांनीच पक्का होतो. त्यामुळे महागडी मार्गदर्शके घेण्यापूर्वी उमेदवाराने ही पुस्तके वाचावीत, एवढा सल्ला जरी ग्रंथपालाने दिला तरी गरीब कुटुंबाचा बराच खर्च वाचेल.

राष्ट्रीय पातळीवर, खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. निरनिराळ्या संस्थांकडील ग्रंथ, व्याख्याने आणि प्रश्नपत्रिका तेथे एकाच ठिकाणी शोधता येतात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या उपक्रमातील अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी तेवढे शुल्क भरावे लागते. दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ २०१६ पासून कार्यरत आहे. अशा वाचकाची तेथे नोंदणी करून देणे हे प्रत्येक ग्रंथालयाने आपले कर्तव्य मानावे.

येथे स्वामित्वहक्काविषयी एक सूचना आवश्यक आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा हक्क, त्याच्या निधनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ पासून सर्वांना खुली झाली आहेत. अशा खुल्या ग्रंथांपैकी अनेक मराठी विकिस्रोतावर आढळतात. याउलट, आजच्या लेखकांच्या पुस्तकांची छायाचित्रे काढून ती भ्रमणध्वनीवरून गटागटांत फिरविणे हा हक्कभंग आहे. ग्रंथालयाने अशा प्रतींना आपल्या संगणकावर थारा देऊ नये.

रोजगाराच्या माहितीची साधने

पूर्वी नोकरीच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून, ‘रोजगार समाचार’सारख्या साप्ताहिकांतून आणि सेवायोजन कार्यालयांच्या फलकांवरून कळत. आता शासकीय भरतीची सविस्तर जाहिरात बहुधा संकेतस्थळावर प्रसिद्ध होते आणि अर्जही तेथेच भरावा लागतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जाहिरातींबरोबरच अभ्यासक्रम, पूर्वीच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका उपलब्ध असतात. मराठी उमेदवारांना आणखी एक दार उघडले आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील कॉन्स्टेबल पदाची परीक्षा २०२४ पासून मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांतूनही घेण्यास प्रारंभ झाला.

शासकीय पदांपलीकडील संधींसाठी तीन साधने ग्रंथपालाच्या हाताशी असावीत. पहिले, केंद्र शासनाची २०१५ साली सुरू झालेली ‘राष्ट्रीय करिअर सेवा’. दुसरे, राज्य शासनाचे ‘महास्वयं’ हे संकेतस्थळ. या दोन्ही ठिकाणी उमेदवाराची नोंदणी विनामूल्य होते व रोजगार मेळाव्यांचीही माहिती मिळते. तिसरे साधन म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली आस्थापनांत काम शिकत असता विद्यावेतन मिळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींना या संधीची आठवण करून द्यावी. प्रत्यक्ष मार्गदर्शनासाठी जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचा पत्ता ग्रंथालयाच्या फलकावर कायम असावा.

जाहिरात वाचण्याचा पाठ

जाहिरात मिळाली म्हणजे ती समजली असे होत नाही. कित्येक पृष्ठांची जाहिरात उमेदवार बहुधा पदाचे नाव आणि शेवटचा दिनांक एवढ्यापुरतीच पाहतो. पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत एखादे प्रमाणपत्र कमी पडते आणि गुण मिळूनही संधी हुकते. म्हणून जाहिरात वाचावी कशी, याचाच पाठ ग्रंथालयात महिन्यातून एकदा घ्यावा. त्यात पुढील बाबी क्रमाने समजावून द्याव्यात.

१. वय आणि शैक्षणिक अर्हता कोणत्या दिनांकास मोजली जाणार आहे, हे प्रथम पाहावे. हा दिनांक अर्जाच्या शेवटच्या दिनांकाहून वेगळा असू शकतो.

२. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र यांपैकी कोणती कागदपत्रे लागतील आणि ती कोणत्या मुदतीची असावीत, याची यादी करावी. जी नसतील त्यांच्यासाठी त्याच आठवड्यात अर्ज करावा.

३. प्रवर्गनिहाय, महिलांसाठी व दिव्यांगांसाठी राखीव जागांचा तक्ता नीट वाचावा. अर्जात एकदा केलेला दावा नंतर बदलता येईलच असे नाही.

४. नाव, वडिलांचे नाव आणि जन्मदिनांक दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळतात की नाही, हे अर्ज सादर करण्यापूर्वी तपासावे.

५. शुद्धिपत्रक निघाले आहे काय, हे दर आठवड्यास पाहावे. पदसंख्या, मुदत किंवा परीक्षेचा दिनांक शुद्धिपत्रकाने बदलतो, आणि नेमके तेच उमेदवारांच्या नजरेतून सुटते.

या पाठासाठी तज्ज्ञाची आवश्यकता नाही. गावातील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी किंवा नुकताच सेवेत लागलेला गावचाच तरुण हे काम उत्तम करू शकेल.

खोट्या जाहिराती आणि सामाईक संगणक

नोकरीची निकड जेथे असते तेथे फसवणूकही येते. बनावट नियुक्तिपत्रे, ‘नोंदणी शुल्क’ म्हणून मागितलेल्या रकमा आणि खऱ्या संस्थेसारखी दिसणारी खोटी संकेतस्थळे यांपासून उमेदवारांना सावध करणे हे ग्रंथालयाचे काम आहे. संदेशातून आलेली जाहिरात संबंधित विभागाच्या मूळ संकेतस्थळावर आढळली तरच ती खरी मानावी. परीक्षा शुल्क मूळ संकेतस्थळाखेरीज अन्यत्र भरू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जितक्या लवकर कळविले जाईल तितकी रक्कम वाचण्याची शक्यता अधिक.

ग्रंथालयातील संगणक अनेकांच्या हाताखालून जातो, म्हणून त्याबाबत काही शिस्त हवी. आपला परवलीचा शब्द त्या संगणकात साठवू नये. काम संपताच खात्यातून बाहेर पडावे. आधारपत्राची वा गुणपत्रिकेची उतरविलेली प्रत पुसून टाकावी. भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा सांकेतिक क्रमांक ग्रंथपालालासुद्धा सांगू नये. प्रमाणपत्रे २०१५ पासून उपलब्ध असलेल्या ‘डिजिलॉकर’मध्ये ठेवल्यास प्रती घेऊन हिंडण्याची गरजही कमी होते.

ग्रंथपाल हाच दुवा

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांपैकी चौथे सूत्र. डिजिटल साधनांच्या काळात त्याचे महत्त्व वाढले आहे, कारण आज माहितीच्या गर्दीत उपयोगाची माहिती हरवते. त्यातच मराठीतील पुष्कळ जुनी कागदपत्रे केवळ छायाचित्ररूपात किंवा जुन्या टंकांत असल्याने शब्द टाकून शोधता येत नाहीत. कोणती गोष्ट कोठे सापडेल, हे सांगणारा ग्रंथपाल अशा वेळी कोणत्याही यंत्राहून उपयुक्त ठरतो.

मात्र लहान ग्रंथालयांच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. ड वर्गाच्या ग्रंथालयाकडे तुटपुंजा निधी असतो; तेथील ग्रंथपालास मिळणारे मानधनही अल्प असते. त्याच्यावर नवी कामे सोपविताना त्याला प्रशिक्षण आणि साहाय्य देणे क्रमप्राप्त आहे. एक संगणक, एक मुद्रणयंत्र आणि एक नोंदवही एवढ्यावर आरंभ करता येतो. जेथे इंटरनेट खंडित होते तेथे पाठ्यपुस्तके, अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका एकदाच उतरवून संगणकात विषयवार लावून ठेवाव्यात.

पंचायत आणि शाळा यांचा वाटा

भारतनेट योजनेतून जेथे ग्रामपंचायतीपर्यंत जोडणी पोहोचली आहे, तेथे तिचा लाभ ग्रंथालयास कसा देता येईल, याचा विचार ग्रामसभेत व्हावा. ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात ग्रंथालयाच्या संगणकाची व वीजदेयकाची तरतूद सुचविता येईल. प्रमाणपत्रांसाठी उमेदवारास ‘आपले सरकार’ सेवा केंद्राकडे जावे लागते. ग्रंथालय आणि हे केंद्र यांनी आपापली वेळापत्रके एकमेकांच्या फलकांवर लावल्यास त्याची खेप वाचेल. मुलींना सोईची व सुरक्षित वाटेल अशी वेळ राखून ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे. शाळांनी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा तरी ग्रंथालयात नेऊन ही साधने प्रत्यक्ष हाताळू द्यावीत.

नोंदवहीत मात्र केवळ येणाऱ्यांची संख्या लिहू नये. कोणी काय विचारले, काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे लिहावे. वर्षाअखेर त्या न मिळालेल्या गोष्टींची यादी ग्रंथालय समितीपुढे ठेवली, तर पुढील वर्षी कोणते ग्रंथ घ्यावेत आणि कोणता पाठ योजावा, याचे उत्तर त्यातच सापडेल.

नोकरी देणे ग्रंथालयाच्या हाती नाही. परंतु माहितीअभावी गावातील कोणाची संधी हुकू नये आणि एका परीक्षेत अपयश आले म्हणून त्याचे वाचन थांबू नये, एवढे ते निश्चित करू शकते. अभ्यासिकेत खुर्चीपुरता येणारा तरुण उठून कपाटापर्यंत आणि ग्रंथपालाच्या मेजापर्यंत आला, म्हणजे या कामाची सुरुवात झाली असे समजावे.