चित्रातले तुकोबा आणि गाथेतले तुकोबा



श्रीतुकोबारायांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते. गेल्या आषाढीस तेथील मुक्कामी आमच्या दिंडीत रात्रीचे भजन चालले होते. एकाने ‘आधी बीज एकले’ हे पद धरले. चाल गोड, तेव्हा सारेच डोलू लागले. भजन आटोपल्यावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी गाथा घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, “बुवा, हा अभंग कितवा? मी सूची दोनदा पाहिली, सापडत नाही.”

मी म्हटले, “अगं, नीट बघ. असेल तिथंच.” तिने पुन्हा पाहिले, मीही चष्मा लावून पाहिले. असेल तर सापडणार ना! झोप काही लागली नाही. कारण या पदावर मी दोन ठिकाणी निरूपण केले होते, आणि ‘तुकोबाराय म्हणतात’ असे छातीठोक सांगून केले होते.

खरी हकीकत अशी. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला. विष्णुपंत दामले व फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे, आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. त्यात तुकोबांचे अभंग आहेतच. पण हे एक पद शांताराम आठवले यांनी त्या चित्रासाठी नवे रचले. ते इतके बेमालूम उतरले, आणि पागनिसांच्या मुखाने इतके गोड लागले, की लोकांनी ते तुकोबांचे म्हणूनच डोक्यावर घेतले. मीही त्यांतलाच एक.

हे सांगताच आमच्यातले एक वृद्ध विणेकरी रागावले. म्हणाले, “म्हणून सांगतो, सिनेमात संतांना आणूच नये. तिथं सगळं खोटंच.” या शंकेचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम हे पाहा की, संतचरित्र पुन्हा नव्याने सांगणे आपल्याकडे दोष मानलेला नाही. बारामतीचेच उदाहरण घ्या. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बारामतीस राहून व्यासांचे भारत आर्यावृत्तात आणले. कीर्तनकार त्या आर्या आजही म्हणतात. कोणी म्हणते का, की पंतांनी व्यासांस बिघडविले? ताहराबादच्या महिपतिबोवांनी ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांत तुकोबांचे चरित्र सांगितले, तेही तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. म्हणजे गाथा हे मूळ, महिपती ही पहिली शाखा, आणि चित्रपट ही त्यापुढची. शाखेला शाखा म्हणून पाहिले की रागावण्याचे कारण उरत नाही. मात्र मुळाशी ताडून पाहिलेच पाहिजे.

आता ताडून पाहू.

पहिली गोष्ट सालोमालोची. चित्रात हा दुष्ट गोसावी तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो. पुष्कळांस वाटते, हे पात्र सिनेमावाल्यांनी कल्पिले. तसे नाही. सालोमालोचे नाव गाथेतच आहे, आणि दुसऱ्याची वचने बिघडवून आपली म्हणणाऱ्यांवर तुकोबांनी तेथे कोरडे ओढले आहेत. महिपतींच्या ग्रंथात तुकोबांना छळणारा मुख्य माणूस मंबाजी आहे. त्याने काटेरी फांदीने मारले, आणि तो कीर्तनास आला नाही म्हणून तुकोबा स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याचे अंग दाबू लागले. चित्रात छळाचे सारे काम सालोमालोकडे आले आहे. दोन-तीन तासांत गोष्ट सांगावयाची तर असे करावे लागते, हे मान्य. पण मंबाजीची गोष्ट ज्याने वाचली नाही, त्याला तुकोबांची क्षमा किती खोल होती हे पुरते कळणार नाही.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. आत्मचरित्रपर अभंगांत तुकोबा स्वतः सांगतात की दुष्काळाने द्रव्य गेले, मान गेला, आणि एक बाईल अन्न अन्न करीत मेली. चित्रपट सुरू होतो तो हे सारे घडून गेल्यावर. पागनिसांचे तुकोबा पहिल्यापासूनच शांत, हसतमुख, समाधानी दिसतात. गाथेतले तुकोबा त्या शांतीपर्यंत कसे पोहोचले? स्वतःला दोष देत, देवाशी भांडत, रडत पोहोचले. इंदापूर तालुक्यात ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, खडी फोडायला गेले, त्यांना हे तुकोबा अधिक जवळचे वाटतील. चित्र आपल्याला पिकलेले फळ दाखविते. ऊन कसे सोसले ते गाथेत वाचावे लागते.

तिसरी गोष्ट वह्यांची. वह्या बुडविल्या, धरणे धरून बसलो, नारायणाने समाधान केले, एवढे तुकोबा आत्मकथनात थोडक्यात सांगतात. तेरा दिवसांच्या उपवासाचा उल्लेखही गाथेत येतो. महिपतींनी त्या प्रसंगाचा विस्तार केला, आणि चित्राने तो डोळ्यांपुढे उभा केला. पडद्यावर पाहताना माणूस चमत्काराने थक्क होतो. गाथा वाचताना वेगळेच लक्षात येते: चमत्कारानंतर तुकोबांना आनंदापेक्षा संकोच अधिक झाला. क्षुल्लक गोष्टीसाठी देवास शीण दिला, याची त्यांना लाज वाटली. हा संकोच छायाचित्रात कसा पकडणार?

चौथी गोष्ट जिजाईची. येथे मात्र चित्रपटाला शाबासकी दिली पाहिजे. आम्ही कीर्तनकार मंडळींनी तिला कजाग म्हणून रंगवून श्रोत्यांस हसविले. गौरी या नटीने केलेली जिजाई तोंडाची फटकळ आहे, पण तिच्या बोलण्यामागे पोरांची भूक आहे. शेण थापणारी, म्हशीचे करणारी, आजारी लेकरासाठी देवाशीही झगडायला निघणारी अशी ती आई आहे. गाथेतील तिच्या कठोर बोलांचे अभंग मी पुन्हा वाचले, तेव्हा दिसले की त्यांतही तीच भूक आहे. मी ती इतकी वर्षे पाहिली नव्हती. शाखेने मुळाकडे बोट दाखविले, असे म्हणावे लागेल.

आता पहिल्या पदाकडे येऊ. सालोमालोने तुकोबांचे अभंग आपल्या नावावर लावले. आपण उलट केले: आठवल्यांचे पद तुकोबांच्या नावावर लावले. आठवल्यांनी तसे सांगितले नव्हते. त्या पदात ‘तुका म्हणे’ ही मुद्राही नाही. त्यांच्याकडे दोष नाही. दोष न पाहता गाणाऱ्या आमच्याकडे. आपण ते भक्तिभावाने केले खरे, पण ज्याचे त्याला न देणे हे भावाने केले तरी न देणेच.

मग ते पद म्हणू नये काय? घरी म्हणा, मुलांना शिकवा, ‘शांताराम आठवले यांचे पद’ असे सांगून म्हणा. अर्थ चांगला आहे. परंतु वारकरी कीर्तनात निरूपणास संतांचे प्रमाण लागते. तेथे ते घेऊ नये.

भजनी मंडळांसाठी साधा नेम सुचवितो. नवीन अभंग पाठ करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या: शेवटी मुद्रा आहे का, गाथेच्या सूचीत मिळतो का, आणि गाथेतील पाठ व आपण म्हणतो तो पाठ एकच आहे का. केवळ मुद्रेवर विसंबू नये, कारण मुद्रा दुसऱ्यालाही घालता येते. ‘संत तुकाराम’ चित्र पाहावयाचे असेल तर जरूर पाहावे. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रमहोत्सवात त्याचा गौरव झाला तो उगीच नव्हे. पण पाहून आल्यावर आठ दिवस रोज पाच अभंग गाथेतले वाचावे. म्हणजे चित्र कोठे संपते आणि तुकोबा कोठे सुरू होतात ते आपोआप कळेल.

राहिला प्रश्न माझा. ज्या दोन गावी मी ते निरूपण केले होते, तेथे कार्तिकीच्या आधी जाऊन आलो. कीर्तनास उभा राहिलो आणि आरंभीच चूक सांगितली. एका गावी लोक हसले. दुसऱ्या गावी एक आजीबाई म्हणाल्या, “बुवा, कुणाचं का असंना, गोड होतं. पर सांगितलंत ते बरं केलंत.”

त्या मुलीला आता आमच्या दिंडीची गाथा सांभाळावयास दिली आहे.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥