कार्बोरेटर खोलण्याआधी

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं आणि नव्या मोटरसायकलींत जवळपास सगळीकडे इंजेक्शन आलं. आमच्या चिपळूण भागात मात्र वाड्यावस्त्यांवर आजही जुन्या स्प्लेंडर, पॅशन, पल्सर, बुलेटच जास्त दिसतात, आणि त्या सगळ्या कार्बोरेटरवर चालतात. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं हे कार्बोरेटर खोलत आलो, त्यातून जे पक्कं झालं ते इथे मांडतो.

१. कार्बोरेटरला हात लावायच्या आधी बाकी सगळं बघून घ्या.

गाडी मिसिंग मारायला लागली की दोष कार्बोरेटरवर जातो. पावसाळ्यात अशा निम्म्या गाड्या प्लगच्या टोपीत पाणी गेल्यामुळे अडलेल्या असतात. पहिल्यांदा प्लग काढा आणि त्याचं टोक बघा. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक असेल तर कमी जातंय, विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे आणि दुखणं दुसरीकडे आहे. मग एअर फिल्टर. धुळीनं गच्च झालेला फिल्टर काजळीला पुरेसा असतो. व्हॉल्व्हचं सेटिंग टाइट झालं असेल तरी गाडी स्टार्टिंगला त्रास देते.

टाकीच्या झाकणाचं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. कुंभार्ली घाट चढताना गाडी अर्ध्यात मरते, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालते, थोडी वर गेली की पुन्हा मरते. अशा वेळी झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. या दुखण्यापायी कार्बोरेटर दोन-दोनदा धुतलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत.

२. गाडी कितव्या रेसला अडते ते विचारा.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा वेगवेगळ्या असतात. स्लोवर आणि मूठ जेमतेम उघडलेली असताना पेट्रोल पायलट जेटमधून येतं. पाव ते पाऊण मुठीपर्यंत निडलचा कारभार, त्यापुढे मेन जेटचा. गाडी स्लो पकडत नाही पण रस्त्यावर पळते मस्त, म्हणजे पायलट जेट चोंदलंय. स्लोवर छान, पण पूर्ण मूठ पिळली की गुदमरते, तर मेन जेट बघा, किंवा टाकीच्या कॉकमधून पुरेसं पेट्रोल येतंय का ते बघा. गरम इंजिनला थोडा चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, उलट बिघडली तर जास्त होतंय. एक फेरी मारून एवढं कळतं. पाना हातात घ्यायच्या आधी ती फेरी मारावीच.

३. रेस आपोआप वाढते आणि खाली बसत नाही, तेव्हा गाडी बाहेरून हवा घेत असते.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर चिरलेलं असतं किंवा तिथली ओ-रिंग बसकी झालेली असते. गाडी स्लोवर ठेवून त्या जोडावर थोडं पाणी मारा. आवाज बदलला की चीर सापडली. पाच मिनिटांचं काम.

४. फ्लोटची वाटी उघडली की लगेच पुसू नका.

माझ्या मते वाटीत काय साठलंय ते बघणं हेच या कामातलं सगळ्यात मोलाचं आहे. पोरं वाटी काढतात, फडक्यानं पुसतात आणि पुरावाच घालवतात. वाटी उजेडात धरा. तळाशी लालसर बारीक गाळ असेल तर तो टाकीचा गंज आहे. टाकी धुतल्याशिवाय आणि कॉकची जाळी बदलल्याशिवाय कार्बोरेटर साफ करणं फुकट, आठवडाभरात गाडी परत येणार. पेट्रोलखाली वेगळा, सरकणारा थेंब दिसला तर पाणी. पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर ते पाणी बरेच दिवस मुक्कामाला होतं. काळे मऊ कण आले तर पेट्रोलची नळी आतून सुटायला लागली आहे. हिरवट-तपकिरी चिकट थर आणि नाकाला झोंबणारा आंबूस वास असेल तर पेट्रोल शिळं झालंय.

कचरा काढणं अर्धंच काम. तो आला कुठून, हे शोधलं की काम पुरं होतं.

५. गणपतीच्या तोंडावर येणाऱ्या गाड्यांचं दुखणं बहुधा एकच असतं.

चाकरमान्यांची गाडी शिमग्यानंतर पडवीत लागते ती थेट गणपतीत निघते. मधल्या महिन्यांत वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट थर मागे राहतो. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, त्यामुळे पहिलं तेच बुजतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. कोकणातल्या दमट हवेत हा त्रास अधिकच जाणवतो. जुन्या गाड्यांची रबरं, ओ-रिंगाही त्यानं फुगतात. शिवाय कुंभारीण माशी हवेच्या नळीच्या तोंडाशी मातीचं घर करते, ते वेगळंच.

उपाय सोपा आहे. मुंबईला निघायच्या दिवशी टाकीचा कॉक बंद करा आणि वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल डब्यात काढून घ्या. हे उघड्यावर करा, जवळपास चूल-विडी नको. टाकी अर्धी रिकामी ठेवण्यापेक्षा भरलेली बरी, आत गंज कमी धरतो. कॉक उघडा राहिला आणि वाटीत येणारं पेट्रोल रोखणाऱ्या निडल व्हॉल्व्हमध्ये कण अडकला तर पेट्रोल वाहत राहतं, काही गाड्यांत इंजिनातही उतरतं. म्हणून बऱ्याच दिवसांनी गाडी सुरू करताना आधी ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका.

६. जेटमध्ये तार घालू नका.

क्लच वायरचा एक धागा घेऊन जेट टोचायची पद्धत गावोगाव आहे. जेट पितळेचं, तार पोलादाची. भोक चरतं, आणि मग ती गाडी कितीही ट्यून केली तरी पेट्रोल पीतच राहते. जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवा, हवा मारा, फारच हट्टी असेल तर ब्रशचा नायलॉनचा केस वापरा. मग उजेडाकडे धरून बघा, आरपार गोल प्रकाश दिसला पाहिजे. पायलट जेटच्या अंगावर बाजूलाही बारीक भोकं असतात. ती राहून गेली तर काम झालंच नाही. कार्बोरेटरच्या बॉडीतल्या वाटांत क्लीनर सोडून तो दुसऱ्या टोकाला बाहेर येतो का, तेही डोळ्यांनी बघा.

क्लीनर मारायच्या आधी फ्लोट, ओ-रिंगा आणि, पल्सर-युनिकॉर्नसारख्या गाड्यांत असतो तो, डायफ्राम काढून बाजूला ठेवा. क्लीनर रबर खातो.

७. मिक्श्चरचा स्क्रू काढायच्या आधी हलक्या हातानं आत पिळून आटे मोजा आणि लिहून ठेवा.

जोर लावलात तर टोक आणि बैठक दोन्ही कायमची जातात. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर सोडला की पेट्रोलचं प्रमाण कमी होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर सोडला की प्रमाण वाढतं. हे ठाऊक नसताना ट्यूनिंग करणं म्हणजे अंदाजपंचे. ट्यूनिंग नेहमी गरम इंजिनवर करा. स्क्रू फिरवत जिथे रेस सगळ्यात वर जाते तिथे थांबा, मग स्लोचा स्क्रू सोडून रेस खाली आणा. स्प्लेंडरसारखी गाडी चौदाशे आरपीएमच्या आसपास शांत चालते.

८. पुरात बुडालेल्या गाडीला किक मारू नका.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली गाड्या चिखलात आडव्या पडलेल्या होत्या. कित्येकांनी घाईनं किक मारली. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, मग ऑइल. ते दुधाच्या चहासारखं निघतं आणि एकदा बदलून भागत नाही. टाकी पूर्ण रिकामी करायची आणि एअर फिल्टर फेकून द्यायचा.

कार्बोरेटरच्या बाबतीत त्या दिवसांत एक गोष्ट ठसली. नदीचा गाळ पेट्रोलनं सुटत नाही, तो पाण्यानंच सुटतो. म्हणून सगळे भाग सुटे करून आधी बादलीभर स्वच्छ पाण्यात धुवायचे, प्रत्येक वाटेत हवा मारायची, वाळवायचे आणि त्यानंतरच पेट्रोल किंवा क्लीनर. गाळ आत वाळला की घट्ट बसतो, आणि ओल राहिली की बॉडीला पांढरी भुकटी धरते. पहिल्या काही दिवसांत खोललेले कार्बोरेटर बहुतेक वाचले. पैशाची सोय होईपर्यंत किंवा विम्याची वाट बघत तसेच पडून राहिलेल्यांच्या बैठका खाल्ल्या गेल्या आणि नवीनच बसवावे लागले. घरं-दुकानं धुवायच्या गडबडीत गाडी कोण बघणार, हे समजतं. पण निदान प्लग काढून ठेवणं आणि वाटीतलं पाणी सोडून देणं घरच्या घरी होऊ शकतं.

९. गाडी गॅरेजला द्याल तेव्हा काय साफ करायचं ते सांगू नका, गाडी काय करते ते सांगा.

थंड असताना अडते की गरम झाल्यावर, स्लोवर की पळताना, किती अंतर गेल्यावर, पावसात की कोरड्यातही, किती दिवस उभी होती, पेट्रोल कधी भरलं होतं. एवढं सांगितलंत तर मेकॅनिकचा अर्धा शोध तिथेच संपतो. आणि वाटी उघडताना समोर उभे राहा, आत काय निघालं ते दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक आनंदानं दाखवतो.