दोन कोअर की चार?

प्रश्न : घरात दोन जुने डेस्कटॉप पडून आहेत. एकात कोअर टू ड्युओ ई८४००, दुसऱ्यात कोअर टू क्वाड क्यू६६००. मुलीच्या अभ्यासासाठी कोणता ठेवू?
– एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : कोअर दुप्पट म्हणजे वेग दुप्पट, असं नसतं. २००८च्या ई८४००चा वेग ३ गिगाहर्ट्झ, २००७च्या क्यू६६००चा २.४. टायपिंग, हिशेब, जुने गेम ही कामं एका वेळी एक-दोन कोअरच राबवतात. तिथे ड्युओ पुढे. पण ब्राउझरमध्ये दहा टॅब आणि शेजारी ऑनलाइन तास म्हटलं की क्वाड सरस. (खरं तर तोही दोन-दोन कोअरच्या दोन चिप एकाच आवरणात बसवलेला.) मात्र तो तापतो : कंपनीच्या आकड्यांनुसार ९५ ते १०५ वॅट, ड्युओ ६५. पनवेलच्या मे महिन्यात पंखा बोंबलेल. थर्मल पेस्ट बदलून घ्या.

मी क्वाडच ठेवेन. विंडोज ११ला दोन्ही चालत नाहीत, विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. तेव्हा एखादं हलकं लिनक्स टाका. ड्युओची रॅम जुळत असेल तर काढून इकडे लावा आणि एसएसडी बसवा. प्रोसेसरच्या निवडीपेक्षा तिचा फरक जास्त जाणवेल.